गावच्या टीमची निवड आकड्यांवर कशी करायची? स्कोअरिंग ॲप, गुगल शीट आणि 'मनीबॉल'चं गणित

गोरेगाव म्हटलं की लोकांना लोकलचं स्टेशन आठवतं. आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इथं पाऊस सुरू झाला की मैदानावर चिखल होतो, पोरं सोयाबीनच्या मागे लागतात आणि टेनिस बॉल क्रिकेट थेट दिवाळीनंतरच सुरू होतं. म्हणजे आमचा 'ऑफ सीझन' पावसाळ्यात येतो. याच दिवसांत व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालू असतो: पुढच्या सीझनला टीममध्ये कोण ठेवायचं आणि बाहेरून कोण आणायचं?

मागच्या सीझनला आम्ही सेमीफायनलला हरलो. ग्रुपवर लगेच ठरलं, "या वेळी बाहेरून एक सिक्सर मारणारा आणू." आमच्या भागातल्या बऱ्याच टूर्नामेंटमध्ये दोन बाहेरचे खेळाडू चालतात. पण त्यांना पैसे द्यावे लागतात आणि आमच्याकडे असते ती गावची वर्गणी. कुणी दुकानदार देतो, कुणी गुरुजी देतात, कुणी पोरगा पुण्याहून पाठवतो. चुकीच्या माणसावर ती घालवली, तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहत नाही.

टीमचा स्कोअर मोबाइलवर मीच टाकतो. त्यामुळे म्हटलं, आधी हिशोब तर बघू. तो कसा केला, तेच या लेखात सांगतो. नावं टाळली आहेत आणि गणित समजावं म्हणून आकडे सोपे करून घेतले आहेत. पद्धत मात्र जशीच्या तशी तुमच्या टीमला लावता येईल.

आधी 'मनीबॉल' म्हणजे काय?

आकड्यांवर टीम बांधण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट क्रिकेटची नाही, बेसबॉलची आहे. अमेरिकेतल्या ओकलंड ॲथलेटिक्स या टीमचे २००१ च्या सीझननंतर तीन मोठे खेळाडू श्रीमंत टीम्सनी नेले: जेसन जियांबी, जॉनी डेमन आणि जेसन इसरिंगहाउजन. ओकलंडचा खेळाडूंवरचा वर्षाचा खर्च साधारण ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यँकीजचा साधारण साडेबारा कोटी डॉलर. तेवढ्याच तोडीचे खेळाडू विकत घेणं शक्यच नव्हतं.

टीमचा जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहकारी पॉल डीपोडेस्टा यांनी प्रश्नच बदलला. "जियांबीसारखा दुसरा कुठं मिळेल?" असं न विचारता त्यांनी विचारलं, "जियांबी गेल्यामुळे आपल्या नेमक्या किती धावा कमी होणार आणि त्या स्वस्तात कुठून भरून काढता येतील?" बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात, प्रत्येक डावात तीन आउट. म्हणजे एका टीमला पूर्ण मॅचमध्ये २७ आउट मिळतात. ते संपले की खेळ संपला. म्हणून जो खेळाडू आउट न होता कसाही करून बेसवर पोहोचतो, तो मोलाचा. पण बाजारात भाव होता लांब फटके मारणाऱ्यांना. स्कॉट हॅटेबर्ग हा असाच एक खेळाडू. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला कॅचर म्हणून चेंडू फेकणं जमेना, पण बेसवर तो हमखास पोहोचायचा. ओकलंडने त्याला स्वस्तात घेतलं आणि जागा बदलून खेळवलं.

२००२ मध्ये या टीमने सलग २० मॅच जिंकल्या आणि सीझनमध्ये एकूण १०३. प्लेऑफमध्ये मात्र पहिल्याच फेरीत हरली, हेही लक्षात ठेवा. मायकल लुईस यांनी यावर २००३ मध्ये 'मनीबॉल' हे पुस्तक लिहिलं आणि २०११ मध्ये ब्रॅड पिटचा सिनेमा आला.

बेसबॉलचा नियम आपल्याला जसाच्या तसा चालतो का?

नाही. इथंच बहुतेकांची गल्लत होते.

टीम निवडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपल्या खेळात आधी काय संपतं? बेसबॉलमध्ये आउट संपतात. कसोटीतही विकेट जपावी लागते. पण आमची मॅच आठ ओव्हरची, म्हणजे ४८ चेंडूंची. विकेट असतात दहा. मागच्या सीझनला आमच्या दहा मॅच झाल्या, त्यात आम्ही एकदाही ऑलआउट झालो नाही. चेंडू मात्र प्रत्येक वेळी कमी पडले. म्हणजे आमच्याकडे टंचाई आहे चेंडूंची, विकेटची नाही.

आता दोन बॅट्समन घ्या.

पहिला: दहा डाव, १९० चेंडू, २०० धावा, पाच वेळा आउट. ॲव्हरेज ४०, स्ट्राइक रेट १०५.

दुसरा: दहा डाव, ८० चेंडू, १६० धावा, दहाही वेळा आउट. ॲव्हरेज १६, स्ट्राइक रेट २००.

ॲपमध्ये 'सर्वाधिक धावा'च्या यादीत पहिला वर दिसतो. गावातही त्याचंच नाव. पण सगळी टीम पहिल्यासारखी खेळली तर ४८ चेंडूंत ५० धावा होतील. सगळी टीम दुसऱ्यासारखी खेळली तर ९६ होतील. दर आठ चेंडूंना एक विकेट जाईल, म्हणजे ४८ चेंडूंत सहा. तरी चार शिल्लकच. आठ ओव्हरच्या खेळात ॲव्हरेज हा जवळजवळ फसवा आकडा आहे तो यामुळे.

शीट कशी बनवायची?

क्रिकहिरोजसारख्या ॲपवर तुम्ही बॉल टू बॉल स्कोअर टाकत असाल, तर लागणारी सगळी माहिती आधीच तुमच्या मोबाइलमध्ये आहे. वहीवर स्कोअर लिहीत असाल तरी चालेल, वेळ जरा जास्त लागेल. गुगल शीट उघडा आणि प्रत्येक खेळाडूला एक ओळ द्या.

बॅटिंगसाठी रकाने: डाव, चेंडू, धावा, किती वेळा आउट, डॉट बॉल.

बॉलिंगसाठी रकाने: ओव्हर, दिलेल्या धावा, वाइड आणि नो बॉल, आणि वेगळ्या रकान्यात सहाव्या ते आठव्या ओव्हरमध्ये दिलेल्या धावा.

शेवटी एक रकाना 'हजेरी'चा. त्याबद्दल पुढे सांगतो.

दहा मॅच भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या. बेरीज आणि भागाकार सोडून एकही अवघड सूत्र लागलं नाही.

'किती चांगला' नाही, 'किती जास्त'

शीट भरल्यावर पहिलाच धक्का बसला. ग्रुपवर सगळे बॅटिंगच्या नावाने ओरडत होते, पण हरलेल्या मॅचमध्ये शेवटच्या तीन ओव्हर आम्हाला बुडवत होत्या. त्यात वाइड भरपूर. वाइडचा तोटा दुप्पट असतो: एक धाव जाते आणि वर समोरच्याला एक चेंडू फुकट मिळतो. जिथं चेंडूंचीच टंचाई, तिथं आपण ते वाटत होतो.

मग बाहेरून कोण आणायचा? इथं बेसबॉलवाल्यांची दुसरी कल्पना कामाला येते. खेळाडूची किंमत त्याच्या एकूण धावांवर ठरवायची नाही. तो आला नाही तर त्याच्या जागी जो खेळेल, त्याच्यापेक्षा हा किती जास्त देतो, ते बघायचं.

सिक्सर मारणारा १२ चेंडू खेळून साधारण २४ धावा करेल. आमचा तिसऱ्या नंबरचा पोरगा तेवढ्याच चेंडूंत १८ करतो. फरक ६ धावांचा.

शेवटच्या टप्प्यात यॉर्कर टाकणारा बॉलर सहावी आणि आठवी अशा दोन ओव्हरमध्ये १६ धावा देतो. त्याच दोन ओव्हरमध्ये आमचा बॉलर वाइड धरून २५ देतो. फरक ९ धावांचा.

टूर्नामेंटमागे पहिला ३,००० मागतो आणि दुसरा १,५००. पहिल्याकडून मॅचमागे मिळणारी एक जादा धाव पडते ५०० रुपयांना, दुसऱ्याकडून वाचणारी एक धाव पडते साधारण १६७ रुपयांना. टाळ्या सिक्सरला मिळतात, म्हणून भाव त्याचा जास्त. वाचवलेली धाव कुणाला दिसत नाही, पण स्कोअरबोर्डवर ती तेवढ्याच वजनाची असते.

मोठ्या टीमही हेच करतात

आमच्या गावात निम्मे लोक मुंबई इंडियन्सचे, म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित, सूर्यकुमार, हार्दिक, बुमराह असे सगळे असूनही ही टीम १४ पैकी चारच मॅच जिंकून तळाला गेली. पुढच्या सीझनसाठी प्रत्येक टीमला १२० कोटींची मर्यादा होती. मुंबईने पाच खेळाडू राखले, त्यात ७५ कोटी गेले. उरले ४५ कोटी. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात त्यांनी ट्रेंट बोल्टला साडेबारा कोटींना आणि दीपक चहरला सव्वानऊ कोटींना घेतलं. म्हणजे उरलेल्या पैशांतला जवळपास निम्मा भाग नव्या चेंडूच्या दोन बॉलरवर लावला. आणि अश्वनी कुमार, विघ्नेश पुथूर हे कमी लोकांना माहीत असलेले बॉलर प्रत्येकी ३० लाखांत घेतले. अश्वनीने पदार्पणातच वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध २४ धावांत चार विकेट घेतल्या. २०२५ मध्ये टीम दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेली. सगळं श्रेय या खरेदीचं असं म्हणता येणार नाही, सूर्यकुमारने त्या सीझनला ७१७ धावा केल्या होत्या. पण पैसे कुठं लावले ते बघा.

दहा मॅचच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

थोडाच. आमच्याकडे एक नवा पोरगा आहे. २० चेंडूंत ५० धावा, स्ट्राइक रेट २५०. लगेच ओपनिंगला पाठवायचा का? २० चेंडू म्हणजे दोन-तीन चांगले दिवस, बस.

यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात टीमच्या सरासरीने खेळलेले ६० चेंडू उधार टाकायचे. आमच्या टीमचा स्ट्राइक रेट १३० आहे, म्हणजे ६० चेंडूंत ७८ धावा. नव्या पोराचे झाले ८० चेंडूंत १२८, स्ट्राइक रेट १६०. दुसऱ्या एकाने २०० चेंडूंत ३४० धावा केल्यात, स्ट्राइक रेट १७०. उधारी धरून त्याचे झाले २६० चेंडूंत ४१८, स्ट्राइक रेट १६१. आधी २५० विरुद्ध १७० दिसत होतं, आता दोघं बरोबरीत आले. जो जास्त खेळलाय, त्याचा आकडा फार हलत नाही. जो कमी खेळलाय, त्याचा जमिनीवर येतो. ६० हा आकडा काही देवाने दिलेला नाही, तुमच्या मॅच जास्त असतील तर तुम्ही बदलू शकता.

आणि आता हजेरीचा रकाना. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला हळद काढायची, शिजवायची, वाळवायची असते. आमचा सगळ्यात चांगला बॉलर त्या काळात निम्म्या मॅचला नसतो. मॅचमागे ८ धावा वाचवणारा पण निम्म्या वेळी हजर असणारा बॉलर, हिशोबात चारचाच. म्हणून त्या महिन्यांसाठी बदली बॉलर आत्ताच तयार करायचा.

जे शीट सांगत नाही

वरच्या उदाहरणातला पहिला बॅट्समन आठवतोय? ४० ॲव्हरेजवाला. ते आमचे दादा आहेत. बारा वर्षं कॅप्टन. पिच तेच आखतात, वर्गणी मागायला दारोदार तेच फिरतात. मला बॅट धरायला त्यांनीच शिकवलं. आणि त्यांनी ओपनिंगला येऊ नये, असं माझीच शीट सांगत होती.

ग्रुपवर टाकलं असतं तर तमाशा झाला असता. मोबाइल घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे सगळे रकाने बघितले, चहा संपवला आणि विचारलं, "मंग मी बाहेर बसू का?"

मी त्यांना तोच डेटा वेगळा लावून दाखवला. पहिल्या दोन ओव्हरमध्ये आमच्या तीन विकेट गेल्या अशा तीन मॅच होत्या. त्यातल्या दोन आम्ही जिंकल्या आणि दोन्हीत दादा शेवटपर्यंत उभे होते. अशा दिवशी टंचाई चेंडूंची नसते, विकेटची असते. तेव्हा टीमला त्यांच्यासारखाच माणूस लागतो. तीन मॅच म्हणजे पुरावा थोडका आहे, तेही मी सांगितलं. म्हणून ठरलं असं: दादांचा नंबर पक्का ठेवायचा नाही. विकेट लवकर गेल्या किंवा टार्गेट लहान असलं, तर ते आत. नाहीतर मारणारे पुढे.

दादा म्हणाले, "बघू. आधी तो यॉर्करवाला किती वाइड टाकतो, ते मोजून आण."

बरोबरच होतं त्यांचं. त्याचे १६ धावांचे आकडे मी त्याच्या टीमच्या चारच मॅचवरून काढले होते. आता त्याच्याही खात्यात उधारीच्या ओव्हर टाकून हिशोब परत करतोय. पाऊस अजून दोन महिने आहे.