थांबायचं म्हणजे नक्की काय करायचं? (यिर्मया २९ आणि लक्ष्मीबाई टिळक)

हातकणंगल्यातनं बोलतोय. मध्येच रेल्वेचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, घर स्टेशनजवळ आहे.

आठ महिने झाले, माझी नोकरी गेली. पुण्यातली खोली सोडून घरी आलो. तेव्हापासून दर रविवारी उपासना संपली की कोणी ना कोणी पाठीवर हात ठेवतं, "देवाची योजना असते बाळा, धीर धर." वर व्हॉट्सअॅपला यिर्मया २९:११ चं स्टेटस. खरं सांगू? राग यायचा. म्हणून एकदा अख्खा अध्यायच काढून वाचला.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेतून पाठवलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगून मोकळा झालाय, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं! हे १० वं वचन, स्टेटसवाल्या वचनाच्या अगदी वरचं. ते मात्र कोणी टाकत नाही. सत्तर म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण परत जाणारच नव्हते. आणि ते वचन एकट्या कुणाला नाही, सगळ्या लोकांना आहे. मराठीत 'तुम्ही' आदरानेही म्हणतो ना, त्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही.

मग तोपर्यंत करायचं काय? ५ व्या वचनापासून सांगितलंय: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे बॅग भरून दारात बसायचं नाही.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. लहान दत्तूला घेऊन त्या नवऱ्यापासून चार वर्षांहून जास्त लांब राहिल्या, बराच काळ पंढरपुरात. पुढे एकत्र आल्यावरही आधी सोवळं आणि वेगळी चूल सुटली नव्हती. टिळकांनी बळजबरी केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच काढलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मला यात काय आवडतं माहितीय? 'स्मृतिचित्रे'त त्या आपला संताप, रडणं, नवऱ्याशी भांडणं, काहीच झाकत नाहीत. "मी शांतपणे देवाची वाट पाहत होते" असला आव नाही. योजना वगैरे त्यांना तेव्हा दिसतच नव्हती. १९१९ ला टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. ते पुढे नेलं या बाईंनी, ज्या लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. पंढरपुरात हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्यालाच झापलं असतं!

दावीदसुद्धा १३ व्या स्तोत्रात देवाला चार वेळा विचारतो, अजून किती वेळ. चार वेळा! तेही पवित्र शास्त्रातच छापलंय. तेव्हा विश्वास आहे म्हणून तक्रार करायची नाही, हे मला आता पटत नाही. कुणी धीर धर म्हटलं तर मी हो म्हणतो, आणि घरी येऊन देवाशी भांडतो.

नोकरीचं अजून काही नाही. दोन इंटरव्ह्यू झाले, उत्तर नाही. मिरजेत मामाच्या दुकानाचं बिलिंग अजून वहीवरच चालतं, त्याला एक छोटं अॅप करून देतोय. उद्या सकाळची पॅसेंजर पकडायची आहे, म्हणून आज इथंच थांबतो.