मॅपमधली गळती: एका बारीक फटीने सगळं कसं बिघडतं?

(या एपिसोडचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "हॅमरमध्ये मॅप बनवला, एडिटरमध्ये सगळं चकाचक दिसतं, पण कंपाईल केल्यावर 'लीक्ड' असा एरर येतो. भिंती तर चिकटलेल्या आहेत, मग गळतंय कुठून?" आज तेवढंच बोलू. क्वेक, हाफ-लाईफ, काउंटर-स्ट्राईक, म्हणजे क्वेकच्या घराण्यातल्या इंजिनांसाठी मॅप बनवत असाल तर हे सगळं लागू पडतं. एडिटर हॅमर असो की ट्रेंचब्रूम.

००:५० – गळती म्हणजे नक्की काय?

१९९६ साली क्वेक आला तेव्हा घरातले कॉम्प्युटर कमकुवत होते. सगळा मॅप दर फ्रेमला काढणं परवडणारं नव्हतं. म्हणून एक युक्ती केली: कुठल्या जागेवरून कुठली जागा दिसू शकते, याचा हिशोब मॅप कंपाईल करतानाच करून ठेवायचा. या पायरीला व्हिस म्हणतात. तुम्ही एका खोलीत असाल तर इंजिन तिथून दिसू शकणारा भागच काढतं.

पण या हिशोबाला एक अट आहे. मॅप सगळीकडून बंद हवा, पाण्याच्या टाकीसारखा. बाहेरच्या पोकळीकडे एक बारीक फट राहिली तरी आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे कंपाईलरला ठरवता येत नाही. मग व्हिस होत नाही. सोर्स इंजिनमध्ये तर प्रकाशाचाही हिशोब अर्धवट राहतो: थेट पडणारा उजेड येतो, भिंतीवरून परतणारा येत नाही. परिणाम काय? मॅप अडखळत चालतो, खोल्या काळ्याकुट्ट दिसतात, आणि तुमचा मित्र दोन मिनिटांत बाहेर पडतो.

०२:०५ – दिसतं चिकटलेलं, असतं सुटलेलं

ही गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं आहे. मॅपच्या फाईलमध्ये ठोकळ्याचे, म्हणजे ब्रशचे, कोपरे साठवलेले नसतात. साठवलेले असतात त्याचे पृष्ठभाग, प्रत्येक पृष्ठभाग तीन बिंदूंनी सांगितलेला. कोपरा कुठे आहे, हे कंपाईलर ते पृष्ठभाग एकमेकांना कुठे छेदतात यावरून काढतो.

आता ६४ युनिट लांबीची भिंत घ्या आणि ४५ अंशात फिरवा. तिचं टोक जातं ४५.२५४८... वर. हा आकडा पूर्णांक नाही, कुठेतरी तो कापावाच लागतो. शेजारच्या भिंतीचं टोक ४५ वर आहे. एडिटरमध्ये पाव युनिटचा फरक तुमच्या डोळ्याला दिसत नाही, कंपाईलरला मात्र तो दिसतो.

म्हणूनच ग्रिड २ च्या घातांमध्ये असते: ८, १६, ३२, ६४. ६४ चा अर्धा ३२, त्याचा अर्धा १६, असं थेट १ पर्यंत प्रत्येक वेळी तुम्ही ग्रिडवरच राहता. १० ने सुरुवात केलीत तर ५ नंतर लगेच अडीच!

०३:२० – मग तिरकी भिंत करायचीच नाही का?

करायची, पण फिरवून नाही. व्हर्टेक्स टूलने किंवा क्लिप टूलने कोपरे ग्रिडवर ठेवून करायची. ६४ आडवं, ६४ उभं गेलात की ४५ अंश मिळतात आणि सगळे कोपरे पूर्णांकावर राहतात.

लांबीही पूर्णांक हवी असेल तर आपल्याकडचे गवंडी पाया आखताना काटकोनासाठी जे ३-४-५ वापरतात, तेच वापरा. ४८ आडवं, ६४ उभं, म्हणजे भिंत बरोबर ८० युनिट. जाडी देताना बाजूला ८ आणि खाली ६ सरका, जाडी बरोबर १० येते. एकही दशांश नाही.

आणि वाकडं पडलेलं खोकं, मोडका खांब, अशा गोष्टी फिरवाव्याच लागल्या तर? बिनधास्त फिरवा, पण त्यांना फंक-डिटेल करा. डिटेल ब्रश व्हिसच्या हिशोबात येत नाही, म्हणून तो वाकडा असला तरी चालतो. पण तो गळती अडवतही नाही! त्याच्या मागे साधी, सरळ, ग्रिडवरची भिंत हवीच.

०४:४० – फट शोधायची कशी

क्रमाने करा.

१. फाईलची प्रत ठेवा. हे आधी.

२. कंपाईल लॉग वाचा. लीक आहे की अवैध ब्रश, तिथे कळतं. हॅमरमध्ये ऑल्ट-पी दाबून 'चेक फॉर प्रॉब्लेम्स' सुद्धा बघा. 'इनव्हॅलिड सॉलिड' आलं तर बहुतेक वेळा चौकोनी पृष्ठभागाचे चार कोपरे एका पातळीत नसतात. त्याचे दोन त्रिकोण करा.

३. मॅप मेनूमधून पॉइंटफाईल लोड करा. एक लाल रेघ दिसेल: एक टोक आतल्या एखाद्या एंटिटीपाशी, दुसरं बाहेर पोकळीत. रेघ जिथे भिंतीतून आरपार जाते, तिथे फट आहे. आधी हेही बघा की एखादा दिवा किंवा दुसरी एंटिटी चुकून भिंतीबाहेर तर पडली नाही.

४. ग्रिड १ वर आणा, टू-डी व्ह्यूमध्ये पूर्ण झूम करा आणि कोपरा तपासा.

५. बिघडलेला ब्रश ओढत-ताणत बसू नका. डिलीट करा, नवा काढा. हॅमरचं 'स्नॅप टू ग्रिड' संपूर्ण वस्तू सरकवतं, आतले वाकडे कोपरे वाकडेच राहतात. ट्रेंचब्रूममध्ये मात्र कोपरेच ग्रिडवर आणायची सोय आहे.

रेघ समजतच नसेल तर बायनरी सर्च! अर्ध्या मॅपवर एक मोठा ठोकळा ठेवा आणि कंपाईल करा. गळती थांबली तर फट त्या अर्ध्यात, नाहीतर दुसऱ्या. फट एकच असेल तर १६ खोल्यांतून ती चार फेऱ्यांत सापडते.

०६:१० – एक शॉर्टकट, जो घेऊ नका

अख्ख्या मॅपभोवती मोठा डबा बांधायचा. एरर जातो, खरं आहे. पण आता भिंतींच्या बाहेरची बाजूसुद्धा 'आत' धरली जाते. जी पृष्ठं कंपाईलरने फेकून दिली असती ती राहतात, कंपाईलला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि मूळ फट तशीच असते. छत गळतंय म्हणून घरावर दुसरं घर बांधण्यासारखं आहे हे.

तर आज एवढंच करा: नवा मॅप उघडा, ग्रिड १६ वर ठेवा, दोन खोल्या आणि मध्ये एक तिरका पॅसेज, ३-४-५ ने. कंपाईल करा. मग मुद्दाम एक भिंत १ युनिट मागे घ्या, पुन्हा कंपाईल करा आणि लाल रेघेमागे जाऊन बघा. एकदा गळती अशी हाताने करून बघितली की पुढच्या मोठ्या मॅपमध्ये ती लगेच ओळखता येईल. अडलात तर लॉगमधली ओळ जशीच्या तशी पाठवा, नुसता स्क्रीनशॉट नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!