माळव्याची अफू व दमणची वाट

साष्टींतील अंधेरी-बोरिवलीकडील शेतकऱ्यांस मुंबईच्या बाजारीं जावयाचें तर पूर्वी माहीमची खाडी होडीनें ओलांडावी लागे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगींतून 1845 सालीं तेथें पूल झाला व गाड्यांस वाट मिळाली. या घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या व्यापारांतला. कापूस व अफू हे त्यांतील मुख्य जिन्नस. ही अफू माळव्यांतून मुंबईस येई. तिच्यावरील जकातीची हकीकत प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

बंगालकडे अफूचा मक्ता खुद्द कंपनी सरकारचा होता. माळवा मात्र शिंदे, होळकर आदि संस्थानिकांचा. तेथील लागवडीवर कंपनीचा हुकूम चालत नसे. 1818 नंतर कंपनीनें प्रथम तेथील अफू स्वतः खरेदी करून पाहिली. पुढें होळकरादि संस्थानिकांशीं करार करून लागवड व वाहतूक यांवर निर्बंध घातले. शिंदे सरकार मात्र या करारांत आलें नाहीं. व्यापाऱ्यांनीं माल सिंधमार्गें कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमण बंदरीं नेण्यास आरंभ केला. अखेर 1830 च्या सुमारास कंपनीनें तो नाद सोडला व दर पेटीस 175 रुपये घेऊन मुंबईचा परवाना देऊं लागली. पेटींत सुमारें 140 पौंड अफू असे. तरीहि माल दमणकडे वळे, म्हणून 1835 सालीं दर 125 वर उतरला.

1843 सालीं इंग्रजांनीं सिंध घेतला व कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षीं दर 200 झाला, 1845 सालीं 300, 1847 सालीं 400 आणि 1861 सालीं 700! पीक तेंच, जमीन तीच. फरक पडला तो वाटेचा.

चीनकडेहि प्रकार असाच. 1839 सालीं तेथील अंमलदार लिन यानें वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यावरून युद्ध झालें. 1842 च्या नानकिंगच्या तहांत नुकसानभरपाई ठरली, पण अफूचा व्यापार कायदेशीर कीं बेकायदेशीर याविषयीं अक्षर नव्हतें. 1858 सालीं तेथें जकात बसवून तो कायदेशीर करण्यांत आला. पुढें 1907 च्या करारानें ही निर्यात दहा वर्षांत क्रमाक्रमानें बंद करण्याचें ठरलें.

या साऱ्या कागदांवर कंपनीची, संस्थानिकांची व बादशहाची मोहर आहे. खसखस पेरणाऱ्याची निशाणी कोठेंहि नाहीं. ज्या पिकास बाजाराची एकच वाट उरते, त्याची जकात त्या वाटेचा धनी ठरवितो. यास्तव शेतकरी बंधूंनीं पीक पेरण्यापूर्वी जमिनीचा कस पाहावा, तसा विक्रीच्या वाटांचाहि हिशेब करावा.