चितळाचा साक्षीदार

रस्त्यात अपघात दिसला की शहाण्या माणसाने मान दुसरीकडे वळवावी, अशी आपल्या मध्यमवर्गाची शिकवण आहे. साक्षीदार व्हायचे म्हणजे हेलपाटे, जबाब आणि तारखा! त्यातून मेलेला जीव रानातला असला, तर त्याच्या बाजूने बोलायला कोण येणार?

गेल्या माघात आम्ही उभयता गोंदियाहून कोहमाऱ्याकडे येत होतो. मुरदोलीचे जंगल लागले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले असतील. नवेगाव आणि नागझिरा या अरण्यांतली जनावरे इकडून तिकडे जातात ती याच रानातून. वाट त्यांची जुनी, डांबर आपले नवे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर मोटारीची धडक बसून एक वाघ जखमी झाला आणि उपचारांसाठी नागपूरला नेताना वाटेतच मेला. त्याची चित्रफीत देशभर फिरली. चितळाची कोण फिरवणार?

एक पांढरी मोटार आम्हांला मागे टाकून भरधाव पुढे गेली. काही अंतरावर तिचे तांबडे दिवे भडकले, धप्पकन आवाज झाला, मोटार जराशी थबकली आणि निघून गेली. आमच्या दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेला चितळाची मादी पडलेली दिसली. आमच्या सौ.नी मोटारीचा नंबर तेवढ्यात वाचला होता आणि कागद सापडेपर्यंत त्या तो रामरक्षेसारखा पुटपुटत होत्या.

मादी जिवंत होती. उचलून गाडीत घ्यावी, असे कोणालाही वाटेल. पण तसे करू नये. माणसाच्या हाताने हरिण भेदरते, आणि त्या धसक्यानेच पुष्कळदा जाते. शिवाय त्याची लाथ काही साधी नसते. मी गाडी कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवला. पलीकडच्या माणसाने पहिल्यांदा विचारले, "किलोमीटरचा दगड कोणता?" मी विजेरी घेऊन दगड शोधायला गेलो. परत आलो तोवर तिचे श्वास लांबत चालले होते.

ती गेल्यानंतर एक जीप थांबली. दोघे उतरले, एकाच्या हातात पोते. "साहेब, तुम्ही निघा ना जी, बायामाणूस आहे संग. आम्ही पाहतो काय करायचं ते." काय पाहणार ते उघड होते! मला काही सुचेना. सौ. मात्र खिडकीतूनच ठणकावून म्हणाल्या, "फॉरेस्टची माणसं निघाली आहेत. तुमची नावं सांगून ठेवा, म्हणजे त्यांना देता येतील." जीप गेली.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मी नंतर मुद्दाम वाचून काढला. शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. वन्य प्राण्याला मारणे, जखमी करणे हेही त्या व्याख्येत येते. कलम ३९ प्रमाणे मेलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, मग तो चुकून मारलेला असो वा कसाही. म्हणजे ते पोते भरले असते, तर तो आणखी एक गुन्हा झाला असता.

तासाभराने वनरक्षक आले. पंचनामा झाला, चाकांच्या खुणा मोजल्या गेल्या, पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा पिशवीत गेला. मी जबाब लिहून दिला. मादी डावीकडून एकाएकी आली, हे लिहिले. ब्रेक लागला होता, हेही लिहिले. वेग फार होता आणि मोटार थांबली नाही, हेही लिहिले.

तीन आठवड्यांनी एक तरुण गृहस्थ आमच्या दारात. हातात पेढ्यांचा पुडा. मोटार त्यांची होती. ती आता जप्त होती आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. माणूस गुंड नव्हता, हीच पंचाईत! गुंडाला नकार देणे त्या मानाने सोपे.

"काका, मी काय मुद्दाम मारलं? अंधारात नंबर नीट दिसला नाही, एवढंच म्हणा."

"तुम्ही ब्रेक लावला होता, हे मी लिहून दिलं आहे. ते खोडू का?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "थांबलो असतो तर लोकांनी मारलं असतं."

"तिथे लोक कुठे होते? आम्ही दोघंच होतो."

सौ.नी चहा आणला. तो त्यांनी घेतला, पुडा आम्ही परत दिला. थांबून वन विभागाला फोन केला असता, तर निदान पळून गेल्याचा ठपका तरी आला नसता, असे मी म्हटले. यावर ते काही बोलले नाहीत. दारात चपला घालताना मात्र त्यांनी मान वर न करता विचारले, "लगेच मेली का हो ती?"

"नाही. बारा-पंधरा मिनिटं लागली."

ते जिना उतरून गेले. खटल्याची तारीख अजून लागायची आहे. लागली की आम्ही दोघे जाऊ. नंबर सौ.ना अजून पाठ आहे.