टाकसाळीची चूक की हातोडीची खूण?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येतात. ऊसतोडीहून गावी परतले की एकही दिवस चुकवत नाहीत. एकदा वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत दहा रुपयांचे एक नाणे होते.

“गुरुजी, हे बघा. ह्यातली मधली चकती उलटी हाय. टाकसाळीत चुकलंय म्हणं. फोनवर एक माणूस सांगतो, ह्याचे लाखभर रुपये येतील. पण आधी दोन हजार फी भरा म्हणतो. भरू का?”

दोन हजार रुपये त्यांच्यापाशी होते. कोयता चालवून मिळवलेले होते. आम्ही म्हणालो, “थांबा. आधी हे नाणे नीट पाहू. मग ठरवा.”

त्या रात्री आम्ही जे पाहिले, तेच इथे सांगतो.

नाणे कसे पाडतात?

बीड भागावर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्या काळी आपल्या बाजारात दोन रुपये माहीत होते. निजामाचा तो हाली आणि इंग्रज सरकारचा तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. पुढे हालीही यंत्रावर पडू लागला. त्यावर चारमिनारचे चित्र असे.

आज सगळी नाणी यंत्रावरच पडतात. भारत सरकारच्या चार टाकसाळी आहेत. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाण्यावरच्या सालाखाली बारीक खूण पाहा. चौकट दिसली तर नाणे मुंबईचे. चांदणी दिसली तर हैदराबादचे. ठिपका असला तर नोएडाचे. काहीच नसले तर कोलकात्याचे.

टाकसाळीत धातूची लांब पट्टी असते. तिच्यातून गोल चकत्या कापतात. आपल्या घरी लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडतात ना, तसेच. मग चकतीची कड थोडी उचलतात. नंतर चकती एका कड्यात बसते. तिच्या खाली एक ठसा, वर एक ठसा. ठसे जोराने दाबले की दोन्ही बाजूंची चित्रे एकाच दाबात उठतात. भोवती कडे असते, म्हणून धातू बाहेर पसरत नाही.

या कामात काही बिघडले तर ती टाकसाळीची चूक. नाणे बाहेर पडल्यावर त्याला जे झाले ते नुकसान. हातोडी, कानस, आग, तेजाब, गाडीचे चाक, यांनी होते ते सगळे नुकसानच.

खरी चूक कशी दिसते?

पहिली चूक सरकलेल्या चित्राची. चकती कड्यात नीट बसली नाही, तर चित्र एका बाजूला जाते. उरलेला भाग कोरा आणि सपाट राहतो. त्यावर घाव दिसत नाहीत.

दुसरी चूक चावा घेतल्यासारख्या नाण्याची. वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरी एका बाजूने चंद्रकोरीसारखी कापली जाते. चकतीचेही तसेच होते. ही कापणी ठसा पडण्याआधीची असते. म्हणून कापलेल्या जागी अक्षरे जरा पसरलेली दिसतात. समोरच्या बाजूची कडही बहुधा दबलेली, अशक्त असते. कोणी घरी कापले असेल तर अक्षर मधेच तुटते. कानशीच्या रेघा दिसतात. समोरची कड मात्र चांगली उभी असते.

तिसरी चूक मोठी गमतीची. एक नाणे ठशाला चिकटून राहते. तेवढ्यात पुढची कोरी चकती येते. तिच्यावर ठशाऐवजी त्या नाण्याचाच दाब पडतो. मग एका बाजूला सरळ चित्र उठते, आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे आणि खोलगट होते. नाणी जमवणारे लोक याला ‘लाखी’ म्हणतात.

याची नक्कल करणारे लोक दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळतात. ती नक्कल ओळखता येते. तिच्यात मूळ चित्र पुरते जात नाही. जुन्या चित्रावर दुसरे चित्र चढलेले दिसते, आणि पाठीमागची बाजूही चेपलेली असते.

रुमालातले नाणे

आता त्या दहाच्या नाण्याकडे वळू. दहाचे नाणे दोन धातूंचे असते. बाहेरचे कडे पिवळे, मधली चकती पांढरी. टाकसाळीत दोन्ही आधी एकात एक बसवतात, मग एकाच दाबाने त्यांवर चित्र उठते. म्हणजे कडे आणि चकती यांवरची चित्रे एकाच वेळी जन्मतात. पूर्ण चित्र असलेली चकती उलटी बसेल कशी? ती नंतर कोणी तरी ठोकून काढली आणि उलटी घातली, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही त्यांना भिंग दिले. चकतीवर हातोडीचे दोन चट्टे दिसले. सांध्यात फट होती. बोटाने दाबले तर चकती हलत होती.

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे माझे दोन हजार गेलेच असते.”

वेगळे म्हणजे चुकीचे नव्हे

दहाचे एक नाणे दुसऱ्यासारखे नाही, म्हणून ते खोटे, असे पुष्कळ लोक समजतात. दुकानदार ते घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चालतात. रुपयाचे चिन्ह असलेले चालते, नसलेलेही चालते. वैष्णोदेवीचे चित्र असलेली पाच आणि दहाची नाणीही सरकारनेच काढलेली आहेत. त्यांवर २०१२ साल आहे. ती चुकीची नाहीत.

शंका आली तर त्याच नमुन्याचे दुसरे नाणे शेजारी ठेवा. सोनाराच्या काट्यावर दोन्ही तोला. २०११ च्या नमुन्याचे दहाचे नाणे ७.७१ ग्रॅम भरते. घासले, कापले की वजन घटते.

सावध राहा

टाकसाळीची खरी चूक असलेल्या नाण्याला हौशी माणूस जास्त पैसे देतो, हे खरे. पण तो नाणे हातात घेऊन पाहतो आणि मग पैसे देतो. तो तुमच्याकडून फी मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी मागणारे ठग आहेत. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना बजावले आहे की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कसलेही शुल्क मागत नाही. कोणी फसवलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करून कळवा.

लोभाने स्वतःही नाणे ठोकू नका, कापू नका. नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. वेगळे नाणे सापडले तर ते चिंच लावून घासू नका. कागदात गुंडाळून ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

आज घरी गेल्यावर खिशातली नाणी दिव्याखाली मांडा. साल वाचा. सालाखालची खूण शोधा. कोणते नाणे मुंबईचे आणि कोणते हैदराबादचे, ते मुलाबाळांना सांगा.