वास उग्र म्हणून औषध जालीम?

मुदखेड-अर्धापूरच्या पट्ट्यात केळी, हळद, फुलबाग कुठंही उभे राहा. मुळावर गाठी दिसल्या की सल्ला ठरलेला: "थायमेट टाका. वास आला म्हणजे औषध खरं." हे ऐकून ऐकून कान किटले आहेत.

वासाचा आणि या गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मुळातले सूक्ष्म जंत, मरण्याचा काहीही संबंध नाही. थायमेट म्हणजे फोरेट. ते मज्जातंतूंमधला एक एन्झाइम बंद पाडतं. तोच एन्झाइम सूत्रकृमीत आहे, गांडुळात आहे, बैलात आहे आणि ओंजळीनं दाणे फेकणाऱ्या माणसातही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं फोरेट सर्वांत घातक गटात टाकलंय. केंद्राच्या 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्याची विक्री आणि वापर बंद आहे. तरी नाव तोंडातून जात नाही!

नीट बघा तरी आपण कुणाला मारतोय. गाठ नखानं फोडा. आत खसखशीहून बारीक, मोत्यासारखा ठिपका दिसेल. ती मादी. शेकडो अंडी घालते, उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार.

म्हणून आता शोध आहे तो फक्त तिला लागू पडणाऱ्या रसायनांचा. फ्लुएनसल्फोन त्या जुन्या एन्झाइमच्या वाटेला जात नाही. अमेरिकेत 2014 मध्ये त्याला परवानगी मिळाली, आपल्याकडेही ते मिळतं. टोरंटोच्या शास्त्रज्ञांनी 2023 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेली सिलेक्टिव्हिन्स तर आणखी पुढची. ती मुळात निरुपद्रवी असतात. सूत्रकृमीच्याच अंगातले एन्झाइम त्यांचं विष बनवतात. दुकानात यायला मात्र वेळ आहे.

नवं औषध म्हणजे निर्धोक? नाही. लेबलवर ज्या पिकाचं नाव आहे तिथंच, तेवढ्याच मात्रेत.

गाठी म्हणजे नत्राच्या गाठी? सोयाबीनच्या गाठी बोटानं सुटतात, आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीच्या गाठी मूळच फुगून झालेल्या असतात, सुटत नाहीत.

झेंडू दोन ओळी लावला की झालं? आधीच्या हंगामात अख्खं शेत झेंडूखाली असेल तर फरक पडतो.

सगळेच सूत्रकृमी शत्रू? मातीतले बहुतेक पिकाला त्रास देत नाहीत, काही तर हुमणीच मारतात.

पानं पिवळी म्हणून युरियाचं पोतं फोडण्याआधी मुळं उपटून बघा. माती तपासायला देताना मुळांसकट ओली द्या, सावलीत ठेवून. उन्हात वाळवलेल्या नमुन्यात जिवंत सूत्रकृमी सापडत नाहीत, आणि अहवाल 'काही नाही' असा येतो.