उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी करू नका

एप्रिल लागला की पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा आपणहून सांगतो, 'साहेब, ऊन फार आहे, दोन पॉइंट कमीच ठेवतो.' गाडीवालाही मान डोलावतो. उष्णतेने हवा प्रसरण पावते, म्हणून ती आधीच थोडी कमी असलेली बरी, असा हा हिशेब. शाळेत शिकलेल्या विज्ञानाशी तो जुळतोही. पण टायरमध्ये उष्णता येते कुठून, हा प्रश्न त्यात कोणी विचारलेलाच नसतो. मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने तो आधी विचारायला हवा.

प्रसरणाचे म्हणणे खोटे नाही. बंदिस्त वायू तापला की त्याचा दाब वाढतो. २५ अंश सेल्सिअसला ३२ पीएसआय हवा भरलेला टायर धावताना ६५ अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण ३८ होतो. पण ही वाढ टायर आणि गाडी बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर जो आकडा चिकटवलेला असतो, तो थंड टायरचा असतो. म्हणून भर दुपारी महामार्गावर थांबून दाब मोजायचा आणि वाढलेला दिसला म्हणून हवा सोडायची, हे करूच नये. रात्री टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते.

खरा धोका कमी हवेत आहे. गाडीचा भार पेलते ती मुख्यतः आतली दाबाखालची हवा. रबर तिला कोंडून धरते. १२०० किलोच्या गाडीत एकेका चाकावर सुमारे ३०० किलो येतात. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. त्यामुळे प्रत्येक टायर जेमतेम १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. हवा कमी असली की तोच भार पेलायला टायर जास्त पसरतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती जास्त दबतात. रबर दबून पुन्हा सरळ होताना दिलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना हे दबणे-सरळ होणे दर सेकंदाला पंधराएक वेळा घडते. रबरातून उष्णता सहज बाहेर जात नाही, त्यामुळे टायर आतून तापत राहतो. तापलेल्या रबराची पोलादी तारांच्या थरांवरची पकड सैल होते आणि शेवटी थर सुटतात. बाहेरचे ऊन आणि तापलेला रस्ता या उष्णतेत भर घालतात, पण सुरुवात आतून झालेली असते.

याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने तिथे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीला बसवलेले होते. धावत्या टायरचे थर सुटत होते, आणि टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे प्रकार अधिक घडत होते. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय इतकाच दाब सुचवला होता. फायरस्टोनने त्याकडे बोट दाखवले, तर फोर्डने टायरच्या बनावटीकडे. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या टायरांशी जोडलेले २७१ मृत्यू नोंदवले. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे पुढे तिथल्या नव्या मोटारींत दाब घटल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तुमच्या गाडीत तसा दिवा असेल तर उत्तमच. पण दाब बराच उतरल्यावर तो लागतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

आपल्याकडे हा विषय समृद्धी महामार्गामुळे घरोघरी पोहोचला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. काँक्रीटमुळे टायर फुटतात, असे सर्रास बोलले जाते. खडबडीत काँक्रीटवर टायर घासतो हे मान्य, पण सगळा दोष रस्त्यावर टाकणे मला पटत नाही. शहरात हाच कमी हवेचा टायर ताशी चाळीसने जातो, सिग्नलला थांबतो, त्याला निवायला वेळ मिळतो. समृद्धीवर सिग्नल नाही आणि मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा. मुंबईच्या वेशीपासून नागपूरपर्यंत एक चाक साडेतीन लाखांहून अधिक फेरे घेते. टायरमधले दुखणे अशा वेळी उघडे पडते. परिवहन विभागाने या महामार्गावर टायरांची तपासणी करून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते योग्यच केले.

झीज ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायचा. बाजूच्या भिंतीवर हात फिरवून पाहा. फुगवटा लागला तर आतला धागा तुटलेला आहे, त्यावर दुरुस्ती नाही. तिथेच कोरलेल्या अक्षर-आकड्यांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात, पण रबर ऊन-हवेने कडक होऊन त्याला बारीक चिरा पडलेल्या असतात. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावे.

नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, हाही एक समज. आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर तोही तसाच फुगतो. तो कोरडा असतो आणि जरा सावकाश झिरपतो, इतकाच फायदा.

टायरमधली हवा महिन्याकाठी एखादा पीएसआय आपोआप उतरते आणि डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत, जवळच्या पंपावर जा. पाच माणसे आणि डिकीभर सामान असेल तर दाराजवळच्या त्या खांबावरचा पूर्ण भाराचा वेगळा आकडा वाचा. तेवढीच हवा भरून घ्या, आणि स्टेपनीतही भरायला सांगा.